निगेटिव्हमधली चांदी मोजताना

ही पुस्तिका कृष्णधवल निगेटिव्ह स्कॅन कशा कराव्यात हे सांगते. पण तिच्या पहिल्या तीन प्रकरणांत स्कॅनर सुरूसुद्धा होत नाही. हे मुद्दाम केले आहे. स्कॅनर चालवायला माणूस चटकन शिकतो. निगेटिव्हमध्ये नेमके काय साठलेले असते आणि त्यातले किती यंत्राच्या हाती लागते, हे उमजायला मात्र वेळ लागतो. ते न उमजता केलेले काम वाया गेले, हेही फार उशिरा ध्यानात येते, कारण पडद्यावर चित्र छानच दिसत असते. ‘बिट डेप्थ’ आणि ‘डायनॅमिक रेंज’ या शब्दांचा काही जण धसका घेतात, तर काही जण खोक्यावर छापलेले आकडे पाहूनच निर्धास्त होतात. दोघांनाही थोडे थांबवून निगेटिव्ह उजेडासमोर धरायला लावावी, एवढाच या पानांचा हेतू आहे.

लिहिताना डोळ्यांसमोर होते ते कोल्हापूरचे वाचक. आजोबांनी थाटलेला फोटो स्टुडिओ आज नातू चालवतो, अशी दुकाने या शहरात अजून आहेत. पुढच्या खोलीत पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे अल्बम असतात. मागची खोली पूर्वी डार्करूम होती; तिथे फळीवर पुठ्ठ्याची खोकी रचून ठेवलेली असतात. त्यांत काचेच्या हाफ प्लेट, १२० चे रोल कापून बटर पेपरात घातलेल्या निगेटिव्ह आणि पुढच्या काळातल्या ३५ मिलिमीटरच्या पट्ट्या. लग्ने आणि मुंजी तर आहेतच; शिवाय तालमींचे ग्रुप फोटो, शाळांचे निरोपसमारंभ, दूध संस्थांची उद्घाटने, साखर कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी टाकतानाची गर्दी, नाटकमंडळींचे पोशाखातले फोटो. जिल्ह्याचा विसाव्या शतकातला लेखी इतिहास दप्तरखान्यात सापडेल. चेहरे पाहायचे तर या खोक्यांकडेच यावे लागेल.

आणि ही खोकी सुरक्षित नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, व्हीनस कॉर्नर या भागांत दुकानांच्या तळमजल्यांत पाणी शिरले. निगेटिव्हवरचा जिलेटिनचा थर पाणी पिऊन फुगतो, मऊ पडतो, आणि गठ्ठा तसाच वाळू दिला तर शेजारच्या निगेटिव्हला असा चिकटतो की सोडवताना चित्रच उपटून येते. पूर आला नाही तरी आपल्याकडचा पावसाळा बुरशी धरवायला पुरेसा असतो. अ‍ॅसिटेट बेसच्या फिल्मला तर आपल्याआपणच आंबूस वास सुटतो. ती आकसते, सुरकुतते. म्हणून स्कॅनिंगचे काम पुढच्या पिढीवर ढकलण्यासारखे राहिलेले नाही.

कॅमेऱ्याचे वेड या शहराला जुने आहे. बाबूराव पेंटरांनी इथेच स्वतःच्या हाताने कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला, सूर्य देईल तेवढ्याच उजेडावर चित्र घ्यायचे दिवस तिथे संपू लागले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) याच गावात घडला. पुढच्या वर्षी प्रभात पुण्याला गेली, तरी भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओने इथला दिवा तेवत ठेवला.

पण याच इतिहासाचे दुसरे पान नुकसानीचे आहे. ‘सैरंध्री’ आज पाहायला मिळत नाही. बाबूरावांच्या मूकपटांचे फार थोडे तुकडे उरले आहेत. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये उसळलेल्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ पेटला. त्यात ‘मीठभाकर’ हा चित्रपट जळाला आणि भालजींना तो पुन्हा तयार करावा लागला. पुण्याला १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तोवर बरेच काही हातचे गेले होते. आणि जे हाती लागले त्यातल्याही नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जानेवारी २००३ मध्ये आगीत गेला. कितीतरी फिल्म तर चांदी काढून घेण्यासाठी भंगारात गेली. हुपरीच्या चांदीचा अभिमान मिरवणाऱ्या जिल्ह्याला हे वेगळे समजावून सांगायला नको: निगेटिव्हमध्ये चांदी असते, आणि चित्र त्या चांदीचेच असते.

या पुस्तिकेचा विषय तिथूनच सुरू होतो. कृष्णधवल निगेटिव्हवर शाई नसते की रंग नसतो. जिथे प्रकाश जास्त पडला तिथे डेव्हलपरने जास्त चांदी मोकळी केली. प्रकाश न लागलेले क्षार हायपोने धुऊन नेले. म्हणून पांढरा फेटा निगेटिव्हवर काळाकुट्ट दिसतो आणि काळा दरवाजा जवळजवळ पारदर्शक. चांदीचा थर किती प्रकाश अडवतो, याचे माप म्हणजे घनता, फोटोवाल्यांच्या भाषेत डेन्सिटी. निम्मा प्रकाश अडला तर घनता ०.३. दहा भागांतला एकच पलीकडे गेला तर १.०, शंभरातला एक गेला तर २.०, हजारातला एक गेला तर ३.०. एवढी चार मापे ध्यानात ठेवली की पुढचा सारा हिशेब पाटीवर करता येतो.

एक निगेटिव्ह जवळून पाहू. १२० रोलवरचा चौकोनी फोटो. तालमीच्या दारात, भर दुपारी घेतलेला. मधोमध खुर्चीवर वस्ताद, डोक्याला पांढराशुभ्र फेटा. दोन्ही बाजूंना पैलवान, तेल-मातीने तुकतुकीत अंगे. मागे तालमीचे उघडे दार आणि आतला काळोख. उन्हातल्या फेट्यापासून दारामागच्या काळोखापर्यंत उजेडाचा फरक साधारण हजारपट धरू. फोटोवाल्यांच्या हिशेबात हे दहा स्टॉप झाले, कारण प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट होतो. पण फिल्म हा फरक जसाच्या तसा साठवत नाही. नेहमीच्या पद्धतीने धुतलेल्या निगेटिव्हवर प्रसंगातल्या एका स्टॉपमागे घनता ०.३ ने न वाढता सुमारे ०.१८ ने वाढते. दहा स्टॉपचे झाले १.८. म्हणजे प्रसंगातला हजारपटीचा फरक निगेटिव्हवर आला तेव्हा त्रेसष्टपटीचा उरला. फिल्म तयार करणाऱ्यांनी हे मुद्दामच असे ठेवले, कारण ब्रोमाइड कागदाला प्रसंगातला पूर्ण फरक पेलत नाही.

या एका आकड्याने बरीच भीती पळून जावी. स्कॅनरच्या जाहिरातीत ४.० ची डायनॅमिक रेंज लिहिलेली असते; ४.० म्हणजे दहा हजारपट. आपल्या तालमीच्या निगेटिव्हला त्याची गरज नाही. तो आकडा मोठा करण्याची चढाओढ लागली ती रंगीत स्लाइडवाल्यांसाठी. स्लाइडच्या काळ्या भागाची घनता ३.० च्याही पुढे जाते. चांगल्या प्रतीच्या साध्या फ्लॅटबेड स्कॅनरला प्रामाणिकपणे ३.० पर्यंतचे दिसत असेल, तर १९५० नंतरच्या बहुतेक स्टुडिओ निगेटिव्ह त्याच्या आवाक्यात बसतात.

अपवाद आहेत, आणि ते नेमके सर्वांत मोलाचे आहेत. जुन्या काचांच्या काळात छपाई बहुधा उन्हात ठेवून व्हायची. त्या कागदाला खूप घन, खूप कॉन्ट्रास्टी निगेटिव्ह लागे. पातळ काच छापली तर फोटो मिळमिळीत येई. म्हणून त्या काळचे कारागीर काचा भरपूर धुवायचे. शिवाय त्या इमल्शनला तांबडा उजेड दिसतच नसे. लाल दिव्याखाली डोळ्यांनी पाहत धुता येई आणि मनाजोगा काळेपणा आला की काच उचलता येई. याच कारणाने त्या फोटोंत कुंकू काळे दिसते, तालमीची तांबडी माती गडद दिसते आणि आभाळ कोरे पांढरे. अशा काचेवर फेट्याची घनता २.५ च्या पुढेही सापडते. घरगुती स्कॅनर इथे थकतो. या काचांसाठी काय करावे याचे स्वतंत्र प्रकरण पुढे आहे. सुरुवातीलाच त्यांना हात घालू नये, आधी साध्या निगेटिव्हवर हात बसवावा.

आता बिट डेप्थ. रेंज आणि बिट यांची सरमिसळ इतकी होते की एक दाखला देतो. मार्केट यार्डात गुळाचे रवे तोलणारा काटा आणि गुजरीत सोने तोलणारा काटा मनात आणा. पहिल्यावर तीस किलोचा रवा खुशाल ठेवावा, पण त्याला गुंजेचा फरक कळत नाही. दुसऱ्याला गुंज कळते, पण रवा पेलवत नाही. जड किती आणि हलके किती तोलता येते, ही झाली डायनॅमिक रेंज. तबकडीवर रेघा किती आखल्या आहेत, ही झाली बिट डेप्थ. गुळाच्या काट्यावर कोणी गुंजेच्या रेघा आखल्या म्हणून तो सोने तोलू लागत नाही.

खोक्यावरचे आकडे बहुधा या रेघांचेच असतात. ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या, १२ बिट म्हणजे ४,०९६, १४ बिट म्हणजे १६,३८४ आणि १६ बिट म्हणजे ६५,५३६. या शेवटच्या आकड्याचा लॉगॅरिदम काढा, येतो ४.८. निकॉनच्या कूलस्कॅन ९००० ची डायनॅमिक रेंज ४.८ सांगितली जाते ती नेमकी एवढीच. हा यंत्राच्या नजरेचा मोजलेला आवाका नव्हे, पायऱ्यांच्या संख्येवरून मांडलेले गणित आहे. ते यंत्र उत्तम होते यात वाद नाही. पण त्याचे उत्तमपण त्या आकड्यात नव्हते. यंत्राचा खरा आवाका ठरतो तो त्याच्या स्वतःच्या गोंगाटाने, म्हणजे काळोखातही सेन्सर जी खोटी चुळबुळ नोंदवतो तिने. एखाद्या भागातून येणारा उजेड त्या चुळबुळीहून कमी झाला, की त्याखाली पायऱ्या कितीही असोत, त्या गोंगाटच मोजत असतात.

मग १६ बिटचा हट्ट कशासाठी? त्यासाठी पुन्हा तालमीच्या निगेटिव्हकडे जाऊ. सेन्सर उजेड सरळ मोजतो: निम्मा उजेड, निम्मा आकडा. हिशेब सोपा राहावा म्हणून फिल्मच्या कोऱ्या बेसला सर्वांत वरचा आकडा देऊ. ८ बिटमध्ये २५५. दारामागच्या काळोखापासून एक स्टॉप पुढे आलो की घनता ०.१८ ने वाढते आणि आकडा २५५ वरून १६८ वर येतो. काळोखातल्या एका स्टॉपसाठी ८७ पायऱ्या मिळाल्या. आता दुसऱ्या टोकाला, फेट्याच्या घड्यांकडे जा. शेवटच्या स्टॉपमध्ये आकडा ६ वरून ४ वर येतो. पायऱ्या दोन! वस्तादांच्या फेट्यावरचा सगळा पीळ, कापडाची वीण आणि शेमल्याची सुरकुती, सारे दोन पायऱ्यांत बसवायचे. तीच मोजणी १६ बिटमध्ये केली तर त्याच स्टॉपला ५०० च्या वर पायऱ्या मिळतात.

डिजिटल कॅमेऱ्यावर शिकलेल्यांना इथे उलटा धडा गिरवावा लागतो. कॅमेऱ्यात सावल्यांची चिंता करायची सवय असते, कारण पायऱ्यांची टंचाई तिथे सावलीत असते. निगेटिव्हमध्ये टंचाई पांढऱ्यात असते. फेटे, धोतरे, गांधीटोप्या, चुन्याच्या भिंती, रंकाळ्यावरचे आभाळ: जिथे चांदी दाट तिथे सेन्सरला उजेड कमी, आणि उजेड कमी तिथे पायऱ्याही कमी. या पुस्तिकेतून एकच वाक्य लक्षात ठेवायचे झाले तर हे ठेवावे: कृष्णधवल निगेटिव्ह स्कॅन करताना पांढऱ्याची काळजी घ्या, काळे आपली काळजी आपण घेते.

प्रत्यक्षात ८ बिटची फाइल इतकी वाईट नसते, हेही सांगायला हवे. सॉफ्टवेअर ती साठवताना सरळ मोजणी वाकवून टाकते. त्यामुळे फेट्याच्या स्टॉपला दोनऐवजी आठेक पायऱ्या येतात. दुसरे म्हणजे फिल्मचा दाणा. पूर्व जर्मनीच्या ओर्वोचा किंवा आपल्या उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या ‘इंदू’चा दाणा बारीक चुळबुळत असतो आणि पायऱ्यांच्या कडा तोच मोडून काढतो. त्यामुळे आभाळात पट्टे उमटले असे क्वचितच दिसते. आणि तयार झालेला, उलटवलेला, सावरलेला फोटो नातेवाइकांना पाठवायला ८ बिटची जेपीईजी पुरेशी असते, अगदी भिंतीवर लावायच्या प्रिंटलाही. अडचण येते ती मधल्या टप्प्यात. निगेटिव्हचा त्रेसष्टपटीचा फरक ताणून प्रिंटचा कॉन्ट्रास्ट आणायचा असतो, फेटा उघडायचा असतो, दारातला काळोख जरा दाबायचा असतो. या ओढाताणीत आठ पायऱ्यांचे धागे विरतात, पाचशे पायऱ्यांचे विरत नाहीत. म्हणून नियम साधा आहे: ओढाताण १६ बिटमध्ये, वाटप ८ बिटमध्ये.

चित्रपटवाल्यांनी हाच प्रश्न दुसऱ्या वाटेने सोडवला, तोही जाणून घेण्यासारखा आहे. कोडॅकने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ‘सिनिऑन’ नावाची पद्धत आणली. तिच्यात उजेडाचा आकडा साठवत नाहीत, घनतेचा साठवतात. १० बिटच्या १,०२४ पायऱ्या आणि प्रत्येक पायरी ०.००२ घनतेची, म्हणजे एकंदर आवाका २.० च्या किंचित वर, निगेटिव्हला नेमका पुरेल एवढा. आपल्या फोटोतल्या प्रत्येक स्टॉपला तिथे ९० पायऱ्या मिळतात. फेट्यालाही ९० आणि दारालाही ९०. १० बिट ऐकायला कमी वाटतात, पण वाटणी न्यायाची असल्यामुळे त्या भरपूर होतात. बिट किती यापेक्षा ते कुठे खर्च केले हे महत्त्वाचे, याचा याहून चांगला पुरावा नाही.

आता कामातल्या काही गोष्टी, ज्यांवर पुढची प्रकरणे बेतली आहेत.

पहिली गोष्ट ऑटोची. स्कॅनरचे सॉफ्टवेअर आपणहून काळे आणि पांढरे टोक ठरवते, चित्र उलटवते, कॉन्ट्रास्ट चढवते आणि खटकेबाज फोटो समोर ठेवते. टोके ठरवताना ते दोन्हीकडचे थोडे थोडे छाटते. आणि पांढऱ्याकडचे थोडे म्हणजे नेमका वस्तादांचा फेटा. एकदा छाटलेले परत येत नाही. म्हणून टोके हाताने ठरवावीत आणि दोन्हीकडे हात राखून ठरवावीत. स्कॅन निर्जीव, राखाडी, कंटाळवाणा दिसला तर समजावे की ठीक चालले आहे. आपण इथे फोटो छापत नाही. निगेटिव्हची नक्कल उतरवून घेत आहोत. छपाई नंतर, निवांत, आणि वाटेल तितक्या वेळा करता येते.

दुसरी गोष्ट वाट चुकलेल्या उजेडाची. निगेटिव्हच्या चहूबाजूंनी काच उघडी राहिली तर तिथून येणारा झगझगीत उजेड आत पसरतो आणि सर्वांत घन भागावर राखाडी पडदा धरतो. चार आण्यांच्या काळ्या कागदाची चौकट कापून कडा झाकल्या तर स्कॅनरची रेंज जितकी सुधारते, तितकी काही वेळा नवे यंत्र घेऊनही सुधारत नाही.

तिसरी गोष्ट उजेडाच्या जातीची. चांदीचे कण उजेड नुसता अडवत नाहीत, विखुरतातही. एकाच दिशेने सरळ येणारा उजेड टाकला तर तीच निगेटिव्ह जास्त कॉन्ट्रास्टी भासते आणि तिच्यावरचा ओरखडा न् ओरखडा उठून दिसतो. पसरट उजेडात ती मवाळ होते. एनलार्जरवर काम केलेल्या जुन्या लोकांना कंडेन्सर आणि डिफ्युजन यांतला हा फरक पाठ आहे. स्टुडिओच्या निगेटिव्हवर पेन्सिलीने केलेले टचिंग असते: डोळ्यांखालची काळी वर्तुळे, गालावरचे व्रण, सगळे कसबी हाताने भरून काढलेले. सरळ उजेडात त्या पेन्सिलीच्या रेघा भुतासारख्या उभ्या राहतात. त्यांना मळ समजून पुसू नये. ती कारागिराची सही आहे.

चौथी गोष्ट धुळीची. रंगीत फिल्मवरची धूळ इन्फ्रारेड किरणांनी ओळखून आपोआप पुसणारी सोय अनेक स्कॅनरमध्ये असते. कृष्णधवल निगेटिव्हसाठी ती बंद ठेवावी. चांदी इन्फ्रारेडही अडवते. यंत्राला चित्रच धूळ वाटते आणि ते चेहरे पुसायला घेते. इथे ब्लोअर, मऊ ब्रश आणि सबुरी, एवढीच साधने.

पाचवी गोष्ट परीक्षेची. माहितीपत्रकावर विसंबण्यापेक्षा २१ पायऱ्यांची स्टेप वेज, म्हणजे प्रत्येक पायरीला ०.१५ ने घन होत जाणारी फिल्मची पट्टी, एकदा स्कॅन करावी. जिथे शेजारच्या दोन पायऱ्या वेगळ्या दिसेनाशा होतात, तिथे आपल्या यंत्राची रेंज संपली. त्या पलीकडचे काही हवे असेल तर एकच ओळ अनेकदा वाचून सरासरी काढण्याची सोय वापरावी. चार वेळा वाचले की गोंगाट निम्म्यावर येतो.

स्कॅनर नसेल तर डिजिटल कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि लाइट बॉक्स यांवरही काम उत्तम होते. आज कित्येक जण तेच करतात. तिथेही तत्त्व बदलत नाही. १४ बिटची रॉ फाइल घ्यावी, आयएसओ किमान ठेवावा आणि फिल्मचा कोरा बेस जळून जाण्याच्या अगदी अलीकडे येईल इतके एक्स्पोजर द्यावे. बेस हा निगेटिव्हचा सर्वांत उजळ भाग. तो वरच्या टोकाला टेकला म्हणजे फेट्याच्या वाट्याला शक्य तितका उजेड आला.

फाइली मोठ्या होतात, ही तक्रार खरी आहे. ६ बाय ६ सेंटिमीटरची निगेटिव्ह २४०० डीपीआयला स्कॅन केली की सुमारे २.८ कोटी बिंदू होतात. ८ बिटमध्ये २८ मेगाबाइट, १६ बिटमध्ये ५६. पण जिथे जागा वाचवायची तिथे डीपीआय थोडा कमी करून वाचवावी. आग्फा क्लिकसारख्या साध्या कॅमेऱ्याच्या लेन्सने मुळात जेवढे टिपले आहे त्याहून जास्त डीपीआयने फक्त दाणा मोठा दिसतो. बिट मात्र कमी करू नयेत. मूळ स्कॅन न उलटवता, १६ बिट टिफमध्ये ठेवावा, आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावा. त्यांतले एक तरी ठिकाण पुराच्या रेषेबाहेरचे असावे.

या पुस्तिकेत रंगीत निगेटिव्ह नाहीत. त्यांच्या नारिंगी बेसचा प्रश्न निराळा आहे. चित्रपटाच्या नायट्रेट फिल्मची हाताळणीही इथे शिकवलेली नाही, आणि कोणी घरी शिकूही नये. काठावर ‘सेफ्टी’ लिहिलेले नसलेली, १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची सिनेमाची रिळे कोणाकडे निघाली तर ती घरात, दुकानात, उन्हात, दिव्याजवळ ठेवू नयेत; राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावे. ती फिल्म पेट घेते आणि पेटली की पाण्यानेही विझत नाही. पुरात भिजलेल्या निगेटिव्हसाठी शेवटी परिशिष्ट आहे. त्यातली मुख्य सूचना इथेच देऊन ठेवतो. गठ्ठा वाळवू नका. तो स्वच्छ गार पाण्यात ठेवा, पाण्यातच एकेक सोडवा आणि मगच टांगून सुकवा. एक-दोन दिवसांत हे झाले तर बरेच वाचते.

शेवटी स्टुडिओवाल्यांना, तालमींच्या कारभाऱ्यांना, शाळा आणि वाचनालयांना एक विनंती. स्कॅन झाले म्हणून निगेटिव्ह टाकून देऊ नका आणि भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नका. आज आपल्या यंत्राला जुन्या काचेवरच्या फेट्यात जे दिसत नाही, ते उद्याच्या यंत्राला दिसेल. पण त्यासाठी काच जागेवर असावी लागेल. आणि स्कॅन करायला बसाल तेव्हा घरातल्या, गल्लीतल्या एखाद्या जाणत्या माणसाला शेजारी बसवा. कोण वस्ताद, कोणत्या तालमीचा पट्ठा, कोणत्या साली, कोणाच्या लग्नात, हे विचारून फाइलीच्या नावातच लिहून टाका. चांदी शंभर वर्षे टिकते, टिफ फाइलही नीट ठेवली तर टिकेल. नावे सांगणारी माणसे तेवढी थांबणार नाहीत. तेव्हा पहिला स्कॅन या आठवड्यातच करा.